साठवलेल्या पाण्याचा ताप

परभणी जिल्ह्यात जुलै-ऑगस्टपासून तापाचे रुग्ण वाढू लागले की पुढचा सगळा क्रम ठरलेला असतो. अंगावर लाल पुरळ, डोळ्यांमागे ठणका आणि सांधे धरलेले रुग्ण दवाखान्यांत दिसू लागतात. ‘गावात घाण झाली आहे, गटारी काढा’ अशी मागणी होते. मग धूर सोडणारं यंत्र दोन-चार गल्ल्यांतून फिरतं, त्याचा फोटो छापून येतो, आणि थंडी पडली की ताप आपोआप ओसरतो. गटारी काढायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण हा राग चुकीच्या पाण्यावर निघतो. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका हे तिन्ही विषाणू ज्या डासामार्फत पसरतात तो एडिस इजिप्ती गटाराच्या काळ्या पाण्यात सहसा वाढत नाही. तो वाढतो घरातल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे रांजणात, हौदात, न्हाणीतल्या टिपाडात, गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि कूलरच्या तळाशी. हे पाणी घरात साठतं, कारण नळ रोज येत नाही. म्हणून मराठवाड्यासारख्या प्रदेशात या तापांचा प्रश्न आधी पाणीपुरवठ्याचा आहे आणि मग स्वच्छतेचा, असं माझं म्हणणं आहे. ते पुराव्यावर टिकतं का, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

सुरुवात त्या टिपाडापासूनच करू. मादी डास अंडी पाण्यावर तरंगत सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती एकेक अंडं चिकटवते. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असे ते काळे ठिपके भिंतीवरच्या शेवाळात सहज लपतात. पाणी उपसलं आणि टिपाड कोरडं पडलं तरी अंडी मरत नाहीत. ती महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही सुकलेल्या अवस्थेत तग धरतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढलं की फुटतात. मार्चमध्ये रिकामं पडलेलं भांडं मे महिन्यात टँकरच्या पाण्याने भरलं, तर आतली जुनी अंडी त्या पाण्याची वाटच पाहत असतात. त्यातून निघालेल्या अळ्या डोकं खाली आणि शेपटाकडची श्वासनळी वर, अशा पृष्ठभागाला लटकतात. माणसाची सावली पडली की वळवळत तळ गाठतात. म्हणून घाईने डोकावणाऱ्याला पाणी निर्मळ दिसतं. विजेरी लावून मिनिटभर थांबलं तर त्या एकेक करून श्वास घ्यायला वर येताना दिसतात. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत उरकतो. हा आठ-दहा दिवसांचा आकडा लक्षात ठेवावा. पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे.

पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. तो फार लांब उडत नाही. आयुष्य बहुधा शे-दोनशे मीटरांत काढतो आणि घरातच खाटेखाली किंवा खुंटीवरच्या कपड्यांत दडून बसतो. एका वेळचं पोट भरायला ही मादी अनेकदा चार जणांना थोडं थोडं चावते, म्हणून एकाच घरात पाठोपाठ तिघे-चौघे आजारी पडतात. तापाच्या रुग्णाचं रक्त प्यायल्यावर विषाणू डासाच्या शरीरात वाढून त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि नव्या माणसाला चावल्यानंतर चार ते सात दिवसांत ताप येतो. म्हणजे आज दवाखान्यात आलेल्या रुग्णाचं मूळ दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या भांड्यात असतं. रुग्ण सापडला की त्याच्या गल्लीत धूर सोडायला धावणारी यंत्रणा म्हणूनच नेहमी उशिरा पोहोचते.

तिन्ही आजारांची तोंडओळख करून घ्यायला हवी, कारण पहिल्या दोन दिवसांत ते सारखेच दिसतात. ताप आणि पुरळ तिन्हींत असू शकतात, आणि पुरळ पाहून त्यांतला एक ओळखता येत नाही. गोवर आणि स्क्रब टायफसमध्येही अंगावर पुरळ उठतं. चिकनगुनियाची खूण म्हणजे सांधे. मनगटं, घोटे आणि बोटांची पेरं अशी धरतात की सकाळी तांब्याही उचलवत नाही, आणि काहींचं हे दुखणं महिनोन्‌महिने सरत नाही. चिकनगुनियाने क्वचितच जीव जातो, म्हणून त्याला सौम्य म्हणण्याची पद्धत आहे. पण ज्या बाईचं पोट कापूस वेचणीच्या किंवा खुरपणीच्या मजुरीवर आहे, तिची बोटं ऐन हंगामात मिटेनाशी झाली तर त्या आजाराला सौम्य कोणी म्हणायचं? डेंग्यूचा धोका निराळा आहे. त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेल्यावर त्याच्यापुरतं संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. झिका बहुतेकांना जाणवतही नाही, पण गर्भवतीला झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला. त्याच रुग्णाला चिकनगुनियाचीही लागण झालेली होती. दोन्ही विषाणू पसरवणारा डास एकच असल्यावर यात नवल वाटायला नको.

आता इतिहासाचा पुरावा पाहू. चिकनगुनियाची मोठी साथ भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात नोंदली गेली आणि १९६५ मध्ये ती नागपुरात होती. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली आणि त्यानंतर हा आजार देशातून जणू गायब झाला. बार्शी कुठल्या प्रदेशात आहे, हे इथे महत्त्वाचं आहे. मराठवाड्याला लागून असलेला, पावसाचा भरवसा नसलेला तो दुष्काळी टापू आहे. बत्तीस वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, चिकनगुनिया परतला तो आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावर. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २००६ च्या सुरुवातीला ज्या गावांचे नमुने तपासले त्यांत नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव होतं. तपासणीत दिसलं की हा विषाणू पूर्वीच्या आशियाई वंशाचा नव्हता. तो आफ्रिकेतून आलेल्या निराळ्या वंशाचा होता. त्या वर्षी देशात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाड्यात घरंच्या घरं सांधे धरून बसली होती. पण सर्वांत बोलका आहे तो महिना. मालेगावातली साथ फेब्रुवारी-मार्चची आणि कर्नाटकातली उन्हाळ्याची. पावसाचा थेंब नव्हता, डबकी नव्हती, गटारी आटलेल्या होत्या. या महिन्यांत पठारावरच्या गावांत भरपूर होती ती फक्त साठवणीची भांडी.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. परभणीत डेंग्यूचे रुग्ण उन्हाळ्यात नाही, तर पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वाढतात. मग दोष टंचाईचा कसा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. पावसाने फुटके डबे, टायर, करवंट्या आणि गच्चीवरची अडगळ भरते. दमट हवेत डास जास्त दिवस जगतो आणि विषाणूला त्याच्या अंगात वाढायला पुरेसा वेळ मिळतो. पावसाचा वाटा आहेच. पण पावसाळ्यात उसळणाऱ्या डासांचं बियाणं उन्हाळ्यातल्या भांड्यांत जपलेलं असतं. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावरच्या अनेक वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा त्यांना असं आढळलं की कडक दुष्काळानंतर चार-पाच महिन्यांनी डेंग्यूचा धोका वाढतो, आणि त्या मधल्या काळाच्या शेवटी चांगला पाऊस झाला तर तो आणखी चढतो. २०२१ मध्ये ब्राझीलबद्दल प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दुष्काळानंतर तीन ते पाच महिन्यांनी धोका वाढलेला दिसला. जिथे नळाचं पाणी वारंवार तुटतं अशा भागांत ही वाढ अधिक होती. हेच गणित आपल्याकडे मांडून पाहा. एप्रिल-मे महिन्यांत टंचाई असते, घराघरांत भांडी वाढतात, आणि चार-पाच महिन्यांनी सप्टेंबर उजाडतो. तापाचा हंगाम पावसाने सुरू होताना दिसतो, पण त्याची तयारी होळीनंतरच सुरू झालेली असते.

दुसरी समजूत अशी की डेंग्यू हा शहराचा, दाट वस्तीचा आजार आहे, आणि खेडी त्यातून सुटतात. व्हिएतनाममधल्या खान्ह होआ प्रांतातल्या एका मोठ्या अभ्यासाने, २०११ मध्ये, ही समजूत मोडली. डेंग्यूचा सर्वाधिक धोका दाट शहरी वस्तीत आढळला नाही. तो मध्यम दाटीच्या वस्त्यांत होता, दर चौरस किलोमीटरला साधारण तीन ते सात हजार माणसं असलेल्या. खेड्यांत आणि शहराच्या कडेला असलेल्या या वस्त्यांत नळाचं पुरेसं पाणी नव्हतं. जिथे नळ होता तिथे दाटी असूनही डेंग्यू तेवढा नव्हता. हे वर्णन वाचताना पूर्णा, गंगाखेड, सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर ही गावं डोळ्यांपुढे येतात. गावठाणातली घरं एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे शे-दोनशे मीटर उडणाऱ्या डासाला एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जायला काही अडचण येत नाही. नळ ठरावीक अंतराने येतो, आणि दाराशी टिपाडांची रांग असते.

परभणीला निसर्गाने पाणी नाकारलेलं नाही, ही यातली सर्वांत बोचणारी बाब. गोदावरी, पूर्णा आणि दुधना जिल्ह्यातून वाहतात. जायकवाडीचा कालवा शेतापर्यंत येतो. येलदरी धरण जिंतूर तालुक्यात आहे, निम्न दुधना प्रकल्प सेलूजवळ आहे. तरीही शहरात आणि तालुक्याच्या गावांत अनेक भागांना नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजावे लागतात. अवर्षणाच्या वर्षी हे अंतर आणखी वाढतं. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो उन्हाळा कोणी विसरलेलं नाही. अशा अनुभवातून गेलेलं घर पाणी साठवणारच. त्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. जी बाई रात्री-अपरात्री उठून पाणी भरते ती संसार सांभाळत असते.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा आणि मग भरा, हा आरोग्य खात्याचा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर सातव्या दिवशी भांडं घासलं तर एकही अळी डास होण्यापर्यंत पोहोचत नाही. त्यातही घासणं महत्त्वाचं आहे, नुसतं ओतून देणं पुरत नाही, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात. पण जिथे नळ दहाव्या दिवशी येतो तिथे सातव्या दिवशी टिपाड ओतून द्यायला कोण तयार होईल? पुढचे तीन दिवस स्वयंपाक, धुणं, जनावरं कशावर चालवायची? आशाताई दाराशी उभी राहून भांडं रिकामं करायला सांगते आणि घरातली बाई नाही म्हणते, तेव्हा दोघींचंही बरोबर असतं. दोघींमध्ये भांडण लावलेलं असतं ते पुरवठ्याच्या वेळापत्रकाने. म्हणून नळाच्या दोन पाळ्यांमधलं अंतर हा आरोग्याचा आकडा मानायला हवा. सात दिवसांच्या आत नळ येत असेल, आणि तो खात्रीने येत असेल, तर कोरडा दिवस पाळणं शक्य आहे. अंतर त्यापुढे गेलं की त्याचा फायदा डासाला मिळतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवलं. नळजोडण्यांची मोजणी झाली हे चांगलंच आहे. पण दोन पाळ्यांमधलं अंतरही तितक्याच काटेकोरपणे मोजलं आणि जाहीर केलं पाहिजे.

मग धूरफवारणीचं काय? धूर हवेत उडणाऱ्या डासांना मारतो. अळ्या आणि अंड्यांना त्याने काहीही होत नाही. एडिस घराच्या आत बसलेला असतो, आणि यंत्राचा आवाज आला की लोक दारं-खिडक्या लावून घेतात. ऐन साथीत, रुग्णाच्या घरात आणि शेजारी, ठरावीक दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा केली तर धूरफवारणीला अर्थ आहे. एरवी तिच्यातून काहीतरी केल्याचं समाधान तेवढं मिळतं. गटारातल्या डासांची तक्रार करणाऱ्यांचंही चुकत नाही. रात्री कानाशी गुणगुणणारे ते क्युलेक्स डास खरोखर त्रासदायक असतात आणि काही प्रदेशांत हत्तीरोग पसरवतात. पण त्यांच्या मागे लागून डेंग्यू आटोक्यात येणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप सिंगापूरचा आहे. तिथे चोवीस तास नळाला पाणी आहे, घरोघर तपासणी होते, दंड होतो, आणि तरीही डेंग्यूच्या साथी येतात. तेव्हा पाणी रोज आलं की डेंग्यू संपला, असं म्हणणं खोटं ठरेल, आणि तसं माझं म्हणणंही नाही. सिंगापूरमध्ये अगदी थोड्या डासांवरही साथ चालते, कारण अनेक वर्षं लागण कमी राहिल्याने लोकांत प्रतिकारशक्तीच कमी आहे. शिवाय जगभरचा प्रवास तिथून होतो. पण तिथला डास कुंडीखालच्या बशीत आणि बांधकामाच्या खड्ड्यात शोधावा लागतो. आपल्याकडे तो दोनशे लिटरच्या टिपाडात वाढतो, आणि एका टिपाडातून निघणारे डास पन्नास बशांनाही भारी पडतात. आधी मोठं भांडं बंद करावं, बशीकडे नंतर वळावं. रोज पाणी येऊ लागलं तरी लोक लगेच साठवणं सोडणार नाहीत, हाही आक्षेप रास्त आहे. भरवसा बसायला काही हंगाम जातील. तोवर घट्ट झाकणाच्या टाक्या, टाकीच्या हवानळीला आणि शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी, हौदात गप्पी मासे आणि वापरायच्या पाण्यात ठरल्या मात्रेत टेमिफॉस हे अळीनाशक, हे उपाय करावेच लागतील. नुसतं फडकं टाकून भागत नाही, कडेला फट राहिली तर मादी आत शिरते.

नवी साधनं येत आहेत. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगात असलेले डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. पुदुच्चेरीच्या एका संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. डेंग्यूच्या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. ही साधनं परभणीच्या गावापर्यंत कधी पोहोचतील, यावर थांबून राहणं परवडणारं नाही. २०२३ मध्ये देशात डेंग्यूच्या सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची नोंद झाली, आणि नोंद न झालेले त्याहून कितीतरी जास्त असतात. पूर्वीच्या एका अभ्यासाने काढलेला अंदाज असा की २००६ ते २०१२ या काळात दवाखान्यात निदान झालेल्या रुग्णांची खरी संख्या सरकारी आकड्याच्या २८२ पट होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये पंधरा राज्यांत रक्त तपासलं तेव्हा पाच ते पंचेचाळीस वयोगटातल्या जवळपास निम्म्या लोकांना डेंग्यू कधी ना कधी होऊन गेल्याचं दिसलं. निम्म्या लोकांना एकदा होऊन गेला असेल, तर दुसऱ्या आणि अधिक गंभीर लागणीचा धोका किती घरांच्या दाराशी उभा आहे, हे वेगळं सांगायला नको.

ताप आलेल्या माणसासाठी थोडं. डेंग्यूच्या निदानासाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही एलायझा पद्धतीची तपासणी खरी. पट्टीवरच्या झटपट चाचणीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि सांधेदुखीच्या सुया टाळाव्यात, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत धोक्याची वेळ ताप असतानाची नसून तो उतरल्यावरची असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंतची. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, गळून गेलेलं मूल, यांतलं काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. प्लेटलेटच्या आकड्याने घाबरून जाऊ नये. रक्तस्राव नसेल तर तो दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. जीव वाचतो तो वेळेवर, मोजून दिलेल्या पाण्या-सलाइनने.

आणि तापाच्या हंगामाआधी, उन्हाळ्यातच, ग्रामसभेत किंवा प्रभागातल्या बैठकीत एक मागणी लेखी द्यावी. आपल्या भागात नळ कोणत्या तारखांना आला ते फलकावर लिहावं, दोन तारखांमधलं अंतर सात दिवसांच्या आत आणावं, आणि ज्या आठवड्यात ते जमणार नाही त्या आठवड्यात प्रत्येक घराला झाकणाची टाकी किंवा अळीनाशक मिळावं. ही मागणी पाणीपुरवठा आणि आरोग्य या दोन्ही विभागांकडे एकाच कागदावर जायला हवी.